घाटात बर्फ पडतो तेव्हा : घरच्या घरी स्नो ग्लोब

स्नो ग्लोबला मराठी शब्द शोधायला बसले की पहिल्यांदा 'बर्फगोळा' सुचतो आणि तो उच्चारताच जिभेवर कालाखट्ट्याची चव येते. म्हणून या लेखात स्नो ग्लोब हाच शब्द ठेवला आहे. काचेच्या बंद भांड्यात पाणी, पाण्यात एखादे छोटेसे दृश्य, आणि भांडे उलटसुलट केले की त्या दृश्यावर सावकाश उतरणारा पांढरा चुरा, एवढाच त्याचा संसार असतो. पर्यटनस्थळांच्या दुकानांत एकाच साच्यातून निघालेले असे गोळे ओळीने मांडलेले दिसतात. हा लेख मात्र ज्याला जुळे भावंड नाही, अशा जॅमच्या बरणीत घडवलेल्या स्नो ग्लोबविषयी आहे. उदाहरणासाठी मी स्वतः केलेली, घाटात बर्फात अडकलेल्या लाल एसटीची बरणी घेते, कारण या कामात होऊ शकणाऱ्या बहुतेक चुका ती करताना माझ्याकडून होऊन गेल्या आहेत.

या वस्तूचा उगम नेमका एका माणसापाशी नेता येत नाही. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात पाण्याने भरलेले आणि आत छत्री घेतलेला माणूस असलेले काचेचे पेपरवेट मांडले होते, अशी नोंद आहे. परंतु स्नो ग्लोबला घराघरांत नेणारी परंपरा व्हिएन्नातली. तिथे शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणारा एर्विन पेर्झी हा कारागीर १९०० च्या सुमारास विजेच्या दिव्याचा उजेड वाढवण्याच्या खटपटीत होता. चपला-बूट शिवणारे कारागीर त्या काळी दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड एका जागी आणत असत; पेर्झीने तीच युक्ती घेतली आणि प्रकाश आणखी उजळावा म्हणून पाण्यात वेगवेगळे चुरे टाकून पाहिले. त्यातला एक चुरा होता रवा. उजेड काही वाढला नाही, पण भिजलेला रवा तळाशी जाताना हुबेहूब हिमवर्षावासारखा दिसला, आणि पेर्झीने त्या पाण्यात ऑस्ट्रियातल्याच मारियात्सेल गावच्या प्रसिद्ध चर्चची इवलीशी प्रतिकृती बसवली. त्याच्या घराण्याचा कारखाना व्हिएन्नात आजही चालू आहे आणि त्यांच्या बर्फाची कृती ते कोणाला सांगत नाहीत. रव्याने सुरू झालेली गोष्ट असली तरी आपण मात्र रवा वापरू नये. तो फुगतो, पाणी गढूळ होते आणि थोड्याच दिवसांत बरणीत आंबलेल्या पिठाचा वास कोंडतो.

दृश्य ठरवताना बहुतेकांची गाडी घसरते ती गमतीच्या अतिरेकामुळे. बरणीत उडता हत्ती, चष्मा घातलेला चंद्र आणि चॉकलेटचे घर असे सगळे एकत्र कोंबले की पाहणाऱ्याला कशाचेच नवल वाटत नाही. माझा अनुभव असा आहे की एका बरणीत एकच अशक्य गोष्ट असावी आणि बाकी सर्व काही अगदी खरेखुरे असावे. महाराष्ट्रातल्या घाटात बर्फ पडणे हीच मुळात एवढी मोठी थाप आहे की तिच्या जोडीला दुसरी थाप लागत नाही. उलट बर्फाखालची एसटी जितकी अस्सल, तितकी ती थाप खुलते. म्हणून माझ्या बरणीतल्या गाडीला टपावरचे सामानाचे कठडे आहेत, मागे चढायची शिडी आहे, आणि रस्त्यावर खाकी कपड्यांतला कंडक्टर एक हात कमरेवर ठेवून आभाळाकडे पाहत उभा आहे. तो चकित झालेला नाही, वैतागलेला आहे. या एका वैतागामुळे बरणी हातात घेणारा प्रत्येक जण हसतो.

बरणी

बरणी गोल, पातळ आणि गुळगुळीत काचेची असावी. २०० ते ३०० मिलिलिटरची जॅमची किंवा मधाची बरणी पहिल्या प्रयत्नाला उत्तम. षटकोनी बरणीत दृश्य कडांपाशी तुटते आणि काचेवर उठावाची नक्षी असेल तर आतले काही नीट दिसत नाही. लोणच्याची बरणी कितीही सुंदर असली तरी घेऊ नये, कारण झाकणातल्या रबरासारख्या कड्यात मुरलेले तेल आणि हिंग साबणाला दाद देत नाहीत. लेबल काढण्यासाठी बरणी कोमट पाण्यात तासभर बुडवावी, आणि उरलेल्या चिकटपणावर खोबरेल तेल व खायचा सोडा यांचा लेप पंधरा मिनिटे ठेवून चोळावा.

झाकणाची परीक्षा सर्वांत आधी घ्यावी, नाहीतर आठवडाभराची मेहनत एका गळतीत जाते. बरणी साध्या पाण्याने काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे आणि ती कोऱ्या कागदावर रात्रभर उलटी ठेवावी. सकाळी कागदावर ओलसर गोल उमटला असेल तर ती बरणी डाळ-तांदळाला द्यावी. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठेही पत्रा उघडा पडलेला दिसला, तर तिथून गंज सुरू होतो आणि महिन्याभरात पाणी चहासारखे होते. अशा जागी ऑइल पेंटचे दोन हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावेत.

माप आणि काचेची लबाडी

पाण्याने भरलेली गोल बरणी आडव्या दिशेने भिंगाचे काम करते, उभ्या दिशेने करत नाही. त्यामुळे बरणीच्या मध्यभागी ठेवलेली वस्तू आहे त्यापेक्षा साधारण एक-तृतीयांशाने रुंद दिसते, उंची मात्र तेवढीच राहते. मी पहिली एसटी अगदी प्रमाणात केली होती. बरणीत उतरवल्यावर ती आगगाडीच्या डब्यासारखी लांबलचक दिसू लागली. दुसरी गाडी मी साडेतीन सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर चार मिलिमीटर उंच, अशी मुद्दाम आखूड आणि ढब्बू केली, आणि पाण्यात गेल्यावर तिचे प्रमाण बरोबर जमले. माणसांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवून त्यांना जरा शिडशिडीत ठेवावे. शंका असेल तेव्हा ओल्या मातीचा कच्चा गोळा त्या मापात करून पाण्याने भरलेल्या बरणीत दोऱ्याने सोडून पाहावा.

आणखी दोन मापे घ्यावी लागतात. पहिले बरणीच्या तोंडाचे, कारण पोट कितीही मोठे असले तरी सगळे दृश्य तोंडातूनच आत जाणार आहे. दुसरे मानेचे. बरणी उलटी, म्हणजे झाकण खाली ठेवल्यावर झाकण आणि मान मिळून तळाचे दीड-दोन सेंटिमीटर झाकून टाकतात आणि थेट झाकणावर चिकटवलेल्या गाडीचा फक्त टप दिसतो. म्हणून दृश्याखाली तेवढ्या उंचीचा ओटा लागतो. माझ्या बरणीत हा ओटा म्हणजेच घाट आहे.

पाण्यात टिकणारी माती

मूर्तीसाठी पॉलिमर क्ले ही भट्टीत भाजायची रंगीत माती सर्वांत भरवशाची आहे. ती ऑनलाइन मिळते. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात आणि पुण्यात बोहरी आळी किंवा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास हस्तकलेचे सामान शोधत फिरल्यास बाकीचेही बहुतेक साहित्य हाती लागते. हवेत वाळणारी माती चालत नाही. गणपतीनंतर उरलेल्या शाडूचे एक सुंदर कौलारू घर मी एकदा केले, त्याला वॉर्निशचे तीन हात दिले आणि बरणीत बसवले; दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी गाळ होता. शाडूने आपला धर्म पाळला, विसर्जन झाले.

पॉलिमर क्ले हातात मळून मऊ करावी आणि होईल तेवढे काम मातीच्या मूळ रंगातच करावे. वरून दिलेला ॲक्रिलिक रंग पाण्यात काही महिन्यांनी सैल पडू लागतो, मातीतला रंग मात्र तसाच राहतो. एसटीसाठी लाल मातीची वीट करून तिच्या कडा बोटाने किंचित गोल केल्या. खिडक्यांसाठी काळ्या मातीची अगदी पातळ पट्टी लाटून तिचे चौकोन कापले आणि सुईच्या टोकाने उचलून बसवले. चाके म्हणजे काळ्या मातीच्या चकत्या, मध्ये करड्या मातीचा ठिपका. शिडी करण्यासाठी मातीचे शेवईइतके बारीक धागे वळावे लागतात, आणि ते हातात तुटतात. धागे दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवले की कापताना आणि उचलताना आकार धरून राहतात. गाडीचा तळ भरीव ठेवावा. चाकांमागे खोबणी राहिली तर त्यात हवा अडकते आणि पुढे प्रत्येक वेळी बरणी हलवली की गाडीखालून बुडबुडा निघतो, जणू पंक्चर.

भाजणे पाकिटावर लिहिलेल्या तापमानालाच करावे. बहुतेक कंपन्यांच्या मातीसाठी ते ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते आणि जाडीनुसार १५ ते ३० मिनिटे पुरतात. घरातला ओटीजी, म्हणजे केक भाजायची विजेची छोटी भट्टी, चालतो, मात्र त्यातला तापमानाचा काटा बऱ्याचदा खोटे बोलतो, म्हणून भट्टीतले साधे थर्मामीटर आत ठेवावे. माती करपली तर निघणारा धूर घशाला लागतो. खिडकी उघडी असावी आणि या कामाचा ट्रे खाण्याच्या ट्रेहून वेगळा असावा. मायक्रोवेव्हमध्ये ही माती भाजू नये.

घरात पडून असलेली खेळणी वापरायची असतील तर प्लॅस्टिकचे प्राणी, खोडरबराची फळे, केकवरच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या चालतात. टाचणी, स्प्रिंग, साधा तारेचा तुकडा गंजतो. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी पाहून मोह होतो, पण लाकूड फुगते आणि लाखेचा रंग सुटतो. त्यांना बरणीबाहेरच मान द्यावा. छायाचित्र घालायचे असल्यास ते लॅमिनेट करून, कागदाच्या कडेभोवती तीन-चार मिलिमीटर नुसते प्लॅस्टिक राहील असे कापावे, कारण कड उघडी राहिली की पाणी तिथूनच शिरते.

जे काही बरणीत जाणार आहे, त्या प्रत्येकाला आधी तीन दिवस वाटीभर पाण्यात ठेवावे. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. तीन दिवसांत रंग सुटला, पापुद्रा आला, वस्तू तरंगली किंवा पाणी गढूळ झाले, तर ते वाटीत झालेले परवडते.

घाट बांधणे

ओट्यासाठी प्लंबर वापरतात ती, दोन रंगांचे गोळे एकत्र मळून तयार होणारी इपॉक्सी लुकण सोयीची पडते; एम-सील या नावाने ती सर्वत्र मिळते. झाकणाची आतली बाजू मधोमध पॉलिश पेपरने खरवडून खडबडीत करावी, स्पिरिटने पुसावी आणि मळलेली लुकण त्यावर दाबून बसवावी. झाकणाच्या कडेचे रबरी कडे मात्र पूर्ण मोकळे राहिले पाहिजे. त्यावर लुकणीचा एक कण जरी राहिला तरी झाकण बसत नाही. लुकण घट्ट होण्याआधी अर्धा तास मिळतो, तेवढ्यात चाकूच्या टोकाने कातळाच्या भेगा, वळणाचा रस्ता आणि रस्त्याच्या कडेचे काळे-पांढरे कठडे कोरून घ्यावेत. ओटा थोडा कलता ठेवल्यास, म्हणजे मागची बाजू उंच आणि पुढची बसकी केल्यास, दृश्याला खोली येते.

गाडी आणि कंडक्टर ओट्यावर चिकटवण्यासाठी दोन नळ्यांतला, सावकाश वाळणारा इपॉक्सी गोंद समप्रमाणात मिसळून वापरावा. क्षणात चिकटणारा गोंद पाण्याखाली ठिसूळ आणि पांढुरका होतो, लाकडाचा साधा पांढरा गोंद फुगतो, आणि ग्लू गनचा गोंद गुळगुळीत पृष्ठभागावरून एक दिवस अखंड पापुद्र्यासारखा सुटून येतो. इपॉक्सीला २४ तास द्यावेत. ४८ दिले तर अधिक चांगले.

बर्फ

बाजारात बर्फ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा ग्लिटर असते. नुसते चंदेरी ग्लिटर टाकले की हिमवर्षावाऐवजी लग्नाची वरात दिसते. पांढरे आणि किंचित मोतिया चमक असलेले, असे दोन प्रकार घ्यावेत, आणि बारीक दोन भाग व जाड एक भाग असे मिसळावेत. कण जितका बारीक, तितका तो सावकाश उतरतो, आणि हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे: कणाचा आकार निम्मा झाला तर त्याचा पडण्याचा वेग साधारण चौथाई होतो. त्यामुळे जाड कण आधी खाली बसतात आणि बारीक कण मागे रेंगाळतात. खऱ्या बर्फाचा भास या मागे राहणाऱ्या कणांमुळेच होतो. २५० मिलिलिटरच्या बरणीला चहाचा अर्धा चमचा सपाट भरून पुरे होतो. जास्त टाकले तर कंडक्टर गुडघ्यापर्यंत गाडला जातो आणि त्याच्या वैतागाचे कारणच बदलते.

घरगुती बर्फाचे प्रयोग करणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून असावी. दुधाच्या पिशवीचे प्लॅस्टिक पाण्याहून हलके असते, ते कितीही बारीक कापले तरी वर तरंगते; पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक पाण्याहून जड असते आणि बुडते. थर्माकोलचे दाणे आणि मेणाचा कीस हेही तरंगतातच. उकडून स्वच्छ केलेल्या, आतला पडदा पूर्ण काढलेल्या अंड्याच्या कवचाची पूड सुरेख पांढरी दिसते, फक्त ती भराभर बसते.

जे पडते ते बर्फच असले पाहिजे असेही नाही. मी केलेली दुसरी बरणी जेजुरीची आहे: पायऱ्या, एक दीपमाळ, आणि सोमवती अमावास्येला उधळला जाणारा भंडारा. त्यासाठी फिकट सोनेरी, अत्यंत बारीक ग्लिटर घेतले. खरी हळद घालण्याचा विचार मनात येतोच, पण हळदीने सगळे पाणी पिवळे होते आणि पडायला काही उरत नाही. त्या बरणीत देवाची मूर्ती मी मुद्दाम ठेवलेली नाही, कारण भंडारा उधळायचा तर बरणी उलटी करावी लागते आणि देवाला डोक्यावर उभे करणे घरात कोणालाच रुचले नसते. पारिजातकाचा सडाही करून पाहिला. बाटलीच्या पातळ प्लॅस्टिकची आठ फुले पुरली, मात्र ती गिरक्या घेत झटकन खाली येतात. तो सडा पाहायचा तर डोळा लवू देता येत नाही.

ग्लिटर म्हणजे शेवटी प्लॅस्टिकचा चुरा. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या ग्लिटरच्या विक्रीवर बंदी आणली ती याच कारणाने. फसलेल्या बरणीतले पाणी बेसिनमध्ये ओतू नये. ते दाट विणीच्या फडक्यातून गाळून चुरा वाळवावा आणि पुन्हा वापरावा.

पाणी आणि ग्लिसरीन

नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि ते काचेवर पांढरी साय धरतात. म्हणून डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. औषधाच्या दुकानात, किंवा गाडीच्या बॅटरीत घालायचे म्हणून ते मिळते. हे पाणी एकदा खळखळून उकळावे आणि झाकून थंड करावे. त्याने जंतू मरतात हा एक फायदा, आणि पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते हा दुसरा. न उकळलेल्या पाण्यात दुसऱ्या दिवशी गाडीच्या टपावर, कंडक्टरच्या नाकावर, सगळीकडे सोड्याच्या बाटलीत दिसतात तसे बारीक बुडबुडे चिकटलेले आढळतात.

ग्लिसरीन पाण्याला दाटपणा देते आणि बर्फाला सबुरी शिकवते. एक भाग ग्लिसरीनला तीन भाग पाणी या प्रमाणापासून सुरुवात करावी, म्हणजे २४० मिलिलिटर द्रवासाठी ६० मिलिलिटर ग्लिसरीन आणि १८० मिलिलिटर पाणी. निम्मे ग्लिसरीन घातले की बर्फ पडायचे विसरतो आणि गुठळ्या करून अधांतरी लटकतो. ग्लिसरीन पाण्याहून सव्वापट जड असल्याने ते थेट बरणीत ओतल्यास तळाशी बसून राहते. वेगळ्या भांड्यात, पाणी कोमट असताना, चमच्याने सावकाश ढवळावे. सरबतात साखर विरघळताना दिसतात तशा थरथरत्या रेषा आधी दिसतील. त्या पूर्ण नाहीशा होईपर्यंत ढवळत राहावे आणि मग बुडबुडे निघून जाण्यासाठी मिश्रण झाकून ठेवावे. गाडीच्या रेडिएटरमधले कूलंट दाट असते म्हणून ते कोणी सुचवले, तर ऐकू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, चवीला गोड लागते, आणि बरण्या फुटतात तेव्हा लहान मुले व मांजरे जवळच असतात. पाण्यात मिसळताच पांढरे होणारे जंतुनाशक द्रवही घालू नये, सगळा घाट धुक्यात जातो.

कोरडे ग्लिटर पाण्यावर तरंगत राहते. ते बशीत घेऊन त्यावर भांडी घासायच्या लिक्विड साबणाचा एकच थेंब, चमचाभर मिश्रणात मिसळून, नीट कालवावा आणि मग बरणीत घालावे. दोन थेंब झाले की फेस होतो, आणि तो काढता येत नाही.

भरणे आणि झाकणे

हे काम परातीत करावे. बरणी जवळजवळ काठापर्यंत भरावी, ग्लिटर घालावे, आणि दृश्य चिकटवलेले झाकण उलटे धरून, तिरके करत, एका बाजूने हळूहळू पाण्यात उतरवावे, म्हणजे कातळाच्या भेगांतली हवा दुसऱ्या बाजूने निसटते. झाकण टेकण्याआधी क्षणभर थांबून गाडीला सुईने टिचक्या माराव्यात. पाणी बाहेर सांडेल, सांडू द्यावे.

बरणीत हवेचा एकही बुडबुडा नको, असा हट्ट मी एका डिसेंबरच्या पहाटे पुरा केला होता, आणि ती बरणी मे महिन्यात पुस्तकांच्या कपाटात गळली. पाणी तापले की प्रसरण पावते. २० अंशांवरून ४० अंशांवर जाताना पाव लिटरची जागा दीड-दोन मिलिलिटरने वाढते आणि त्या वाढीला वाट मिळाली नाही तर ती झाकणातून वाट काढते. म्हणून दुपारच्या उबेत, घराच्या तापमानाला आलेल्या मिश्रणाने बरणी भरावी आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा बुडबुडा राहू द्यावा. बऱ्याच बरण्यांचा तळ मध्यभागी आत दबलेला असतो; बरणी उलटी ठेवली की बुडबुडा त्या उंचवट्यावरून घसरून कडेला, काचेच्या जाड वळणात जाऊन बसतो आणि फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

झाकण लावण्याआधी बरणीच्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप झाकण फिरते त्याच दिशेने तीन वेढे गुंडाळावी. सिलिकॉन सीलंट आतून लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण ओल्या काचेवर ते नीट धरत नाही. झाकण घट्ट करून बरणी बाहेरून कोरडी पुसावी, कागदावर आठवडाभर उलटी ठेवावी, आणि गळत नाही अशी खात्री झाल्यावर झाकण आणि काच यांच्या फटीत बाहेरून सिलिकॉनची बारीक रेघ ओढावी. या आठवड्यात पाण्यावर तवंग आला किंवा एखादा रंग सुटला, तर झाकण उघडून दुरुस्ती करण्याची मुभा अजून असते.

झाकणाचा पत्रा झाकण्यासाठी सुतळीचे वेढे, जुन्या साडीचा काठ, किंवा लाकडी बैठक, काहीही चालते. इथे पाणी नसल्याने साधा गोंद पुरतो. माझ्या एसटीला सुताराकडून आंब्याच्या लाकडाची गोल चकती कापून घेतली आणि तिच्यात झाकण बसेल एवढा खळगा करून घेतला.

ठेवायची कुठे, हा प्रश्न शोभेपुरता नाही. पाण्याने भरलेला गोल काचेचा ऐवज उन्हात ठेवला तर तो किरण एका बिंदूवर आणतो आणि त्या बिंदूपाशी पडदा किंवा कागद असेल तर तो पेट घेऊ शकतो. खिडकीची कड त्यामुळे टाळावी. विमानाने न्यायची असल्यास ती चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध ठेवावी, कारण १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव म्हणून हातातल्या सामानातून ती काढून घेतली जाऊ शकते. ही एसटी मी टोरांटोच्या भाच्यासाठी केली होती आणि त्याला एक सूचना चिकटवून पाठवली: हिवाळ्यात ती रात्रभर गाडीत विसरू नये. आपल्या प्रमाणाचे मिश्रण उणे ९ ते १० अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि तिथल्या जानेवारीला तेवढी थंडी किरकोळ असते.

बैठक चिकटवण्याआधी झाकणाच्या खालच्या बाजूवर तारीख, ग्लिसरीनचे प्रमाण आणि ग्लिटरचा प्रकार पक्क्या मार्करने लिहून ठेवावा. माझ्या एसटीखाली एवढेच लिहिले आहे: 'एक भाग ग्लिसरीन, तीन भाग पाणी, बर्फ अर्धा चमचा, कंडक्टर दुसरा.' पहिला कंडक्टर भट्टीत करपला होता.